सनिंगडेलला गोल्फ खेळायचंय? मग तयारी अशी करा

लंडनला पोस्टिंग मिळालं किंवा मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जायचं ठरलं की आपल्याकडची गोल्फवाली मंडळी सगळ्यात आधी सेंट अँड्रूजचा बेत आखतात, आणि लंडनपासून तासाभरावर असलेला सनिंगडेलचा गोल्फ क्लब मात्र "ते प्रायव्हेट आहे हो, आपल्याला कोण आत घेणार" असं म्हणून सोडून देतात. हे अजिबात सोडू नका. क्लब प्रायव्हेट आहे हे खरंच, मेंबरशिपसाठी ओळखीचे मेंबर लागतात, पुढे वर्षानुवर्षं थांबावं लागतं, पण खेळायला मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. इंग्लंडमधले बरेच जुने नावाजलेले क्लब आठवड्याच्या मधल्या दिवसांत बाहेरच्यांना पैसे घेऊन खेळू देतात, सनिंगडेल त्यातलंच. वशिला लागत नाही, लागतं ते खरं हँडिकॅप (खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला), वेळेत केलेलं बुकिंग आणि थोडी पूर्वतयारी, आणि ही तयारी नीट केली नाही तर तेवढे पाउंड मोजूनही दिवसभर झुडपात बॉल शोधत बसायची वेळ येते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. क्लब १९०० सालचा, बर्कशायर आणि सरे यांच्या सीमेवर, अॅस्कॉटच्या शेजारी. जमीन केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजकडून लीजवर घेतलेली. ओल्ड कोर्स विली पार्क ज्युनियर यांनी केला आणि तो १९०१ मध्ये सुरू झाला, हे पार्क म्हणजे १८८७ आणि १८८९ असं दोनदा ओपन ही ब्रिटनची सगळ्यात मोठी गोल्फ स्पर्धा जिंकलेले खेळाडू. त्या काळात चांगलं गोल्फ म्हणजे समुद्रकाठचं गोल्फ असाच समज होता, आतल्या भागातली इंग्लंडची जमीन चिकणमातीची, हिवाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. सनिंगडेलच्या पट्ट्यात मात्र खाली वाळू आहे, पाणी लगेच मुरतं, वर हेदर नावाचं बुटकं झुडूप. बाकी कशाच्या उपयोगी न येणाऱ्या या माळावर बी पेरून फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, तयार केले आणि असा कोर्स उभा राहिला की पुढे इंग्लंडात आतल्या भागात हेदरवाल्या कोर्सेसची रांगच लागली. क्लबचे पहिले सेक्रेटरी होते हॅरी कोल्ट, शिक्षणाने वकील. त्यांनी इथे सेक्रेटरीपद सांभाळता सांभाळता ओल्डमध्ये बदल केले, कोर्स डिझाइनमध्ये मोठं नाव कमावलं आणि नंतर १९२३ मध्ये क्लबचा दुसरा कोर्स, न्यू, स्वतः करून दिला. म्हणजे एकाच क्लबहाऊसमधून बाहेर पडल्यावर दोन मोठ्या डिझायनर्सचे दोन पूर्ण वेगळे कोर्स, आणि दोन्ही चॅम्पियनशिप दर्जाचे.

आता बुकिंग. क्लबच्या वेबसाइटवर व्हिजिटर्सचा भाग असतो तो पूर्ण वाचा, त्यात कुठले दिवस खुले, त्या सीझनची फी किती, हँडिकॅपची मर्यादा काय हे सगळं असतं आणि दरवर्षी बदलतं, त्यामुळे कुणा मित्राने मागे कधीतरी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. शनिवार-रविवार मेंबरांचे असतात हे धरूनच चाला, म्हणजे ऑफिसची एक सुट्टी जाणार. मे ते सप्टेंबर हा काळ सगळ्यांनाच हवा असतो म्हणून त्यातली तारीख पाहिजे असेल तर बरेच महिने आधी मागा. मेल लिहिताना पाल्हाळ नको, किती जण खेळणार, प्रत्येकाचा हँडिकॅप इंडेक्स, होम क्लबचं नाव, चालतील अशा दोन-तीन तारखा, आणि दोन्ही कोर्स खेळायचेत का एकच, एवढं स्वच्छ लिहिलं की काम होतं. इंग्लंडातल्या क्लबात अजूनही लेखी विनंतीला मान आहे, फोनवर घाई केली तर उलट परिणाम होतो.

हँडिकॅपचं म्हणाल तर २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आल्यामुळे आपलं काम फारच सोपं झालंय. पुण्यात येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर खेळत असाल किंवा चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीत, इंडियन गोल्फ युनियनच्या पद्धतीने मिळालेला इंडेक्स तिकडेही समजतो. निघण्याआधी त्याचं ताजं सर्टिफिकेट काढून ठेवा, आणि शक्य असेल तर होम क्लबच्या सेक्रेटरीकडून दोन ओळींचं ओळख करून देणारं पत्र लिहून घ्या, हा माणूस आमचा मेंबर आहे, खेळाचे नियम आणि शिस्त याला माहीत आहे एवढंच. मागितलं नाही तरी जवळ असावं, जुन्या क्लबात अशा कागदाचा उपयोग होतो. आणि कृपा करून इंडेक्स खोटा सांगू नका, अठराचा इंडेक्स बारा सांगून मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला शॉट मारायची जागा) खेळायला गेलात तर स्वतःचा दिवस जातोच, मागच्या ग्रुपचाही जातो.

पैशाचं सांगायचं तर स्वस्त अजिबात नाही, शेकड्यांनी पाउंड लागतात. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की एवढा खर्च करताय तर एकच कोर्स खेळून परत येऊ नका, दोन्ही एकाच दिवशी खेळा, छत्तीस होल. वेगवेगळ्या दिवशी दोन फेऱ्या करण्यापेक्षा हे परवडतं सुद्धा, आणि सकाळी एक राउंड, मग जेवण, मग दुसरा राउंड ही तिथली जुनी पद्धतच आहे. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो म्हणून उजेडाची काळजी नाही, पायांची मात्र आहे. बग्गी ही प्रकृतीचं कारण असेल तरच मिळते असं समजून चाला, म्हणजे दिवसभरात पंधरा किलोमीटरच्या वरच चालणं, तेही चढउतारावर. जायच्या आधी महिना-दीड महिना रोज भरभर चालायची सवय ठेवा, नवे शूज तिथे पहिल्यांदा घालू नका.

कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि कुठे मारायचं ते सांगणारा माणूस, बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा, पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. ओल्डवर बरेच टी शॉट आंधळे आहेत, समोर नुसता हेदरचा चढ दिसतो आणि पलीकडे फेअरवे कुठून वळतो ते कळत नाही, कॅडी सांगतो त्या झाडाच्या डाव्या फांदीवर मारा आणि आपण मारायचं. कॅडीचे पैसे आणि टिप रोख द्यायची तयारी ठेवा, आजकाल इंग्लंडात सगळं कार्डवर चालतं म्हणून लोक रोख नेतच नाहीत आणि मग अठराव्या ग्रीनवर, म्हणजे शेवटच्या होलच्या हिरवळीवर, गडबड होते.

आता हेदर, कारण आपल्याकडून जाणारा माणूस खरा अडकतो तो इथे. आपल्या कोर्सेसवर रफ म्हणजे उंच गवत, पावसाळ्यात ओलं आणि जड, पण शेवटी गवतच, त्यातून सहा नंबरची आयर्न जोरात मारली तर बॉल कसाबसा निघतो. हेदरच्या काड्या लाकडी असतात, खालून एकमेकींत गुंतलेल्या, हात लावून बघितलंत तर काथ्याच्या पायपुसण्यासारख्या चिवट लागतात. बॉल वर तरंगत नाही, आत सरकून तळाशी बसतो, वरून पाहिलं तर दोन हातांवर असूनही दिसत नाही. आणि मारताना काय होतं तर काड्या क्लबच्या, म्हणजे मारायच्या काठीच्या, मानेला धरतात, पकड सैल असेल तर क्लबफेस डावीकडे बंद होतो आणि बॉल तीन हातांवर पुढच्या झुडपात. म्हणून पद्धत एकच, सॅंड वेज किंवा पिचिंग वेज घ्या, बॉल मागच्या पायाकडे ठेवा, डाव्या हाताची पकड नेहमीपेक्षा घट्ट, क्लब सरळ वर उचलून उभा खाली आणा, आणि निशाण ग्रीनवर नाही तर सगळ्यात जवळच्या फेअरवेवर, मग तो आडवा असो की मागे असो. दोनशे यार्ड बाकी आहेत म्हणून हायब्रिड काढायचा मोह होतोच होतो, तो तिथल्या तिथे सोडा, एक शॉट गेला तर बोगी होते, म्हणजे ठरलेल्या शॉटांपेक्षा एकच जास्त, मोह केला तर आठ होतात.

शोधायच्या बाबतीतही नियम नीट माहीत असू द्या. २०१९ पासून बॉल शोधायला तीनच मिनिटं आहेत, आधी पाच होती. त्यामुळे ड्राइव्ह हेदरकडे जाताना दिसला की लगेच दुसरा प्रोव्हिजनल बॉल, म्हणजे पहिला हरवला तर चालणारा, मारून मगच पुढे चला, पुढे जाऊन परत यायला लागलं तर सगळा ग्रुप खोळंबतो. बॉल सापडला पण मारण्यासारखा नसेल तर अनप्लेएबल घ्या, म्हणजे दंड घेऊन बॉल दुसरीकडे टाका, एक स्ट्रोक जातो. यात बरेच जण सवयीने दोन क्लब लांबीचा पर्याय घेतात आणि बॉल पुन्हा हेदरमध्येच टाकतात, त्यापेक्षा होल आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे मागे जाऊन मोकळी जागा बघा, लांबी वाढते पण पुढचा शॉट खरा खेळता येतो. ऑगस्टच्या शेवटी शेवटी हेदर फुलतो, सगळा माळ जांभळा होतो, फोटो काढायचे असतील तर तोच सीझन घ्या, बॉल सापडायला मात्र तेव्हाही तितकाच अवघड.

कुठला कोर्स आधी? बहुतेक जण ओल्डसाठी जीव टाकतात आणि न्यू म्हणजे उरलासुरला असं समजून दुपारी दमलेल्या अवस्थेत खेळतात, हे मला पटत नाही. न्यू जास्त मोकळा, जास्त वाऱ्यावर, आणि टीवरून हेदर ओलांडायला लांब मारावं लागतं, तिथे अंग ताजं हवं. म्हणून जमलं तर सकाळी न्यू मागा आणि जेवणानंतर ओल्ड. न्यूवर पाच पार-थ्री, म्हणजे तीन शॉटांत संपवायचे होल, आहेत, दुसरा, पाचवा, दहावा, चौदावा आणि सतरावा, आणि कोल्ट यांचं कसब बघायचं तर ते तिथेच. पाचव्याला टी उंचावर, खाली बंकरांनी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांनी, वेढलेलं ग्रीन, मध्ये सगळं हेदर, मारायचं फक्त एकाच जागी. इथे झेंडा विसरा, ग्रीनचा मध्य धरा आणि एक क्लब जास्त घ्या, कारण असल्या होलवर आपले बहुतेक शॉट कमीच पडतात. टी निवडताना फुशारकी नको, इंडेक्स पंधराच्या वर असेल तर सरळ पुढच्या टीवरून खेळा, दोन्ही कोर्स मागून सहा हजार सहाशे यार्डांच्या घरात किंवा त्याहून लांब जातात आणि पार सत्तर, म्हणजे मोठे पार-फोर भरपूर.

ओल्डची सुरुवात पार-फाइव्हने होते, रुंद, सरळ, पहिला शॉट घाबरत मारणाऱ्यालाही जागा देणारा. २००४ च्या विमेन्स ब्रिटिश ओपनमध्ये कॅरेन स्टपल्स यांनी शेवटच्या दिवशी इथूनच सुरुवात केली ती पहिल्या होलला ईगल (पारपेक्षा दोन कमी) आणि दुसऱ्याला अल्बाट्रॉस (तीन कमी), तेव्हा दुसराही पार-फाइव्ह होता, म्हणजे दोन होलांत पाच अंडर आणि पुढे स्पर्धाही त्यांनीच जिंकली. आपल्याला तसं काही करायचं नाहीये, पण पहिल्या होलवर चांगला स्कोअर करायचा आहे एवढं डोक्यात ठेवा, कारण दुसऱ्यापासून आंधळे शॉट सुरू होतात. तिसरा आणि नववा हे लहान पार-फोर, ड्रायव्हर हा सगळ्यात लांब मारायचा क्लब काढायला खुणावतात, आणि ग्रीनभोवतीचे बंकर नेमके अशाच लोकांसाठी ठेवलेत. माझ्या मते आयर्न आणि वेज हेच बरं. पाचव्याला उंच टीवरून खाली फेअरवे दिसतो आणि ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे तळं, तिथे ड्राइव्ह डावीकडे ठेवला की दुसरा शॉट तळ्याच्या बाजूने जातो, वरून नाही.

दहावा टी मात्र घाई न करता बघा. कोर्सचा तो सगळ्यात उंच भागांपैकी एक, समोर जमीन एकदम खाली जाते, दोन्ही बाजूंनी पाइनची झाडं, मध्ये फेअरवे, त्यात बंकर, आणि पार पलीकडे ग्रीन, साडेचारशे यार्डांच्या वर. इतक्या उंचीवरून बॉल हवेत इतका वेळ राहतो की स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळणं, असेल तर ती नेहमीच्या दुप्पट वाटते, म्हणून जोर न लावता मारा. ग्रीनच्या मागे हाफवे हट आहे, तिथलं सॉसेज सँडविच इंग्लंडभर प्रसिद्ध, तिथे थांबतातच सगळे. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच मेलमध्ये लिहून ठेवा, दुपारच्या जेवणासाठीही तेच, आयत्या वेळी विचारण्यापेक्षा आधी सांगितलं तर नीट सोय होते.

उरलेल्या होलांपैकी पंधराव्याची आठवण ठेवा, सव्वादोनशे यार्डांच्या आसपासचा पार-थ्री, तिथे चार झाले तरी खूश राहा, आणि मग सोळा-सतरा-अठरा तिन्ही पार-फोर. अठराव्याचं ग्रीन मोठ्या ओकच्या झाडापुढे, तोच ओक क्लबच्या चिन्हावर आहे. बॉबी जोन्स यांचा राउंड माहीत असेल तर अठरा होल खेळताना मजा दुप्पट होते, १९२६ मध्ये ओपनच्या क्वालिफाइंगला त्यांनी ओल्डवर ६६ मारले, पहिले नऊ ३३, शेवटचे नऊ ३३, आणि ३३ शॉट तर ३३ पुट, कार्डावर एकही पाच नाही आणि एकही दोन नाही, सगळे तीन आणि चार. तेही हिकरीच्या काठ्यांच्या क्लबने. नंतर त्या वर्षीचं ओपनही त्यांनीच जिंकलं. तुमच्या कार्डावर किती तीन-चार येतात ते मोजून बघा, एकूण स्कोअरपेक्षा हा हिशोब जास्त आनंद देतो.

खेळण्याच्या पद्धतीत एक बदल इथून निघायच्या आधीच सुरू करा. जमीन वाळूची आणि उन्हाळ्यात टणक असल्यामुळे बॉल पडला की पळतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर मऊ ग्रीनवर उंच मारून जागीच थांबवायची सवय लागते, ती तिथे चालत नाही, ग्रीनच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे टाकून घरंगळत नेणारा शॉट शिका, सात नंबरची आयर्न, लहान स्विंग, मनगट स्थिर. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपले कोर्स कोरडे पडतात तेव्हा याचा सराव मस्त होतो. पुटिंगलाही पहिल्या काही होलांवर बॉल लांब जाणार, म्हणून टी टाइमच्या पाऊण तास आधी पोचून प्रॅक्टिस ग्रीनवर फक्त लांब पुट मारा, लहान नकोत.

जायचं कसं, तर वॉटरलूहून रेडिंगकडे जाणारी ट्रेन, सनिंगडेल स्टेशन, साधारण पन्नास मिनिटं, आणि स्टेशनपासून क्लब चालत जाण्यासारखा आहे. हाउन्स्लो, स्लाव या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर कारने फार वेळ लागत नाही, हीथ्रोही जवळच. भारतातून क्लब्ज घेऊन जात असाल तर बॅगला कडक कव्हर घ्या, ड्रायव्हरचं डोकं काढता येत असेल तर काढून कपड्यांत गुंडाळा, आणि रेंजफाइंडर किंवा घड्याळाच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकू नका, त्या हँडबॅगेतच लागतात. एवढं ओझं नको असेल तर भाड्याचे क्लब्ज मिळतील का ते बुकिंगच्याच मेलमध्ये विचारा.

कपड्यांचं सांगतो. कोर्सवर कॉलरचा शर्ट, आत खोचलेला, साधी पँट, जीन्स-ट्रॅकपँट-राउंडनेक काही नाही, टोपी क्लबहाऊसमध्ये काढायची. जेवणासाठी जॅकेट आणि टाय बॅगेत ठेवाच, लागलं नाही तर बरंच. कोर्सवर आणि क्लबहाऊसमध्ये फोन वाजता कामा नये, फोटो काढायचे तर पटकन आणि मागचा ग्रुप नसताना. पावसाचं जॅकेट जुलैतही घ्या. आणि वेग, इंग्लंडात चार तासांच्या आत राउंड संपवणं हा सभ्यपणाचाच भाग मानतात, त्यामुळे दहा-दहा प्रॅक्टिस स्विंग आणि प्रत्येक पुटला चारी बाजूंनी बसून बघणं हे घरी ठेवून जा. ग्रीनवर बॉल पडून झालेला आपला खड्डा (पिचमार्क) आणि शेजारचा एक, असे दोन बुजवायचे, बंकर स्वतः सारखा करायचा.

दुसऱ्या राउंडला पाय अगदीच बोलायला लागले तर फोरसम्स खेळा, म्हणजे दोघांत एक बॉल, आळीपाळीने शॉट, वेळही वाचतो आणि निम्मेच शॉट मारायचे. क्लबची यातली स्पर्धा, सनिंगडेल फोरसम्स, १९३४ पासूनची आहे, मार्चमध्ये होते, आणि त्यात पुरुष, स्त्रिया, प्रोफेशनल, अॅमॅच्युअर सगळे हँडिकॅप धरून एकमेकांविरुद्ध खेळतात, असं दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं. मोठ्या स्पर्धाही इथे येत राहतात, सीनियर ओपन २००९, २०१५, २०२१ आणि २०२५ ला इथेच झाली, शेवटची पॉड्रिग हॅरिंग्टन यांनी जिंकली. हँडिकॅप अजून नसेल, नुकतंच शिकायला लागला असाल, तर असल्या स्पर्धेच्या आठवड्यात तिकीट काढून ओल्डवर अठरा होल चालून या, दहाव्या टीच्या मागे तासभर उभं राहा आणि प्रो लोक ड्रायव्हर काढतात की थ्री-वूड ते बघा, म्हणजे उद्या स्वतः खेळायला गेलात की तिथे काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल.